मूठ आपटल्यानंतर काय? प्रोग्रामिंग भाषांच्या भांडणांचा छोटा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही महिन्यांपूर्वी आमच्या टीममध्ये एक नवीन सर्व्हिस लिहायची होती. कोणत्या भाषेत लिहायची यावर मीटिंग. एक म्हणाला जावा, एक म्हणाली गो, मी अर्थातच पायथन. नेहमीची खडाजंगी. तेवढ्यात आमच्यातला एक नवीन मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "पीएचपीमध्ये हे लवकर होईल. मी आधीच्या कामात असंच एक केलंय."

मी काय म्हणालो? "अरे, पीएचपी अजून जिवंत आहे का?"

सगळे हसले. तोही हसला. आणि मग त्या मीटिंगमध्ये तो पुन्हा बोलला नाही. पुढच्या मीटिंगमध्येही नाही. माझ्या लक्षात यायला दोन आठवडे गेले. त्या खोलीत असं काम आधी खरोखर केलेला तो एकटाच होता, आणि आम्ही त्याचं म्हणणं हसण्यावारी नेलं होतं.

मग मला प्रश्न पडला की ही भांडणं आपलीच आहेत, की आधीपासून चालत आलीत? वाचायला बसलो आणि थेट १९५८ सालापर्यंत मागे गेलो. लोक तेव्हाही भांडत होते, आणि आपल्यापेक्षा जास्त भांडत होते. पण काही भांडणांतून काहीतरी कामाचं बाहेर आलं आणि काहींतून फक्त कडवटपणा उरला. या दोन्हींत फरक कशाने पडतो, हे आज बघू. गोष्टी चार आहेत. कोडिंग येत नसेल तरी ऐका, सगळं समजेल.

पहिली गोष्ट: टिंब की स्वल्पविराम?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५० च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर मशीन, आणि प्रत्येक मशीनची सांकेतिक भाषा वेगळी. प्रोग्राम लिहायचा म्हणजे त्या मशीनच्या आकड्यांमध्ये डोकं घालायचं. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या टीमने फोरट्रान आणली. गणिताच्या सूत्रासारखं लिहा, मशीनच्या भाषेत त्याचं रूपांतर कंपायलर करेल. तेव्हाच्या अनेक प्रोग्रामरना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की हाताने लिहिलेल्या कोडची बरोबरी मशीनने तयार केलेला कोड कधीच करणार नाही. बॅकस यांच्या टीमने यावर वाद घालत बसण्यापेक्षा कंपायलरमधून निघणारा कोड वेगवान कसा होईल यावरच सगळा जोर लावला. लोकांनी चालवून पाहिलं आणि बरेच विरोधक आपोआप गप्प झाले.

पण फोरट्रान आयबीएमची. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांना एका कंपनीची नसलेली, सगळ्यांना सामाईक अशी भाषा हवी होती. म्हणून मे १९५८ च्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठात आठ माणसं जमली. चार अमेरिकेच्या एसीएम संस्थेकडून, चार युरोपातल्या गॅम या संस्थेकडून. अमेरिकेकडून स्वतः बॅकस होते, ॲलन पर्लिस होते, जोसेफ वेगस्टीन होते. युरोपकडून फ्रीडरिश बाउअर, हाइन्झ रुटिशाउझर वगैरे मंडळी. आठवडाभर बैठक चालली. त्यातून जी भाषा निघाली ती पुढे अल्गोल ५८ म्हणून ओळखली गेली.

आणि ही हुशार मंडळी अडकली कशावर? दशांश चिन्हावर!

आपण तीन पूर्णांक चौदा शतांश लिहिताना मध्ये टिंब देतो. अमेरिकेतही टिंबच. पण जर्मनीत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी तिथे स्वल्पविराम असतो. मग भाषेत काय ठेवायचं? पर्लिस यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, युरोपकडच्या एका सदस्याने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं की दशांशासाठी टिंब मी कधीच वापरणार नाही.

आता तुम्हाला हसू येईल. एवढ्याशा टिंबावरून? पण विचार करा. शाळेपासून ज्या पद्धतीने आकडे लिहिले, ती पद्धत चूक आहे असं कोणी परक्याने येऊन सांगितलं तर? वाद टिंबाचा नव्हताच. 'माझी सवय सोडायची की तुझी' हा तो वाद होता. आज टॅब की स्पेस यावरून लोक तासभर भांडतात, तेव्हाही हेच चाललेलं असतं.

तोडगा काढला वेगस्टीन यांनी. त्यांनी दोन्ही गटांशी बोलून सुचवलं की भाषेचे तीन स्तर मानू. पहिला संदर्भ स्तर, म्हणजे भाषेची अधिकृत व्याख्या. दुसरा छापील स्तर, म्हणजे लेखात किंवा पुस्तकात छापताना ज्याला जसं सोयीचं तसं. तिसरा मशीनचा स्तर, म्हणजे त्या त्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर जी चिन्हं आहेत त्यांनुसार. अर्थ एकच राहील, रूपं वेगळी असतील. हे सगळ्यांना मान्य झालं.

मला यातली गंमत अशी वाटते की बरोबर कोण, हे वेगस्टीन यांनी ठरवलंच नाही. त्यांनी पाहिलं की आपण ज्याला एक प्रश्न समजतोय, ते खरं तर तीन प्रश्न आहेत. तुमच्या फोनवर आज हेच चालतं. तारीख आत एका ठरावीक रूपात साठवलेली असते. भारतातल्या फोनवर आधी दिवस दिसतो, अमेरिकेतल्या फोनवर आधी महिना. त्यावरून कोणी मूठ आपटत नाही.

तोडगा फुकट मिळाला नाही, हेही सांगायला हवं. मशीनगणिक रूप बदलल्यामुळे एका मशीनवरचा अल्गोलचा प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा नेता येत नसे. अमेरिकेत ही भाषा धंद्यात फोरट्रानची जागा घेऊ शकली नाही. पण १९६० साली पॅरिसमध्ये तिची सुधारित आवृत्ती ठरली, अल्गोल ६०, आणि तिच्या रचनेचा वारसा पास्कल, सी, जावा असा आपल्यापर्यंत आला. टिंबावरच बैठक मोडली असती तर?

दुसरी गोष्ट: साप समजून भुई धोपटणं

आता १९६८. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथले प्राध्यापक एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी एसीएमच्या मासिकात एक छोटा मजकूर पाठवला. विषय होता गोटू.

गोटू म्हणजे काय? समजा पाककृतीच्या पुस्तकात लिहिलंय, 'आता पान ४० वर जा.' पान ४० वर गेलात तर तिथे लिहिलंय, 'मीठ घातलं नसेल तर पान १२ वर जा.' पान १२ वरून पुन्हा पान ३३. भाजी होईलही, पण मध्येच कोणी विचारलं की आत्तापर्यंत काय काय झालंय, तर सांगता येणार नाही. प्रोग्राममध्ये अशी उडी मारायची सूचना म्हणजे गोटू. तेव्हाचे बरेच प्रोग्राम अशा उड्यांनी भरलेले असायचे.

डाइक्स्ट्रा यांचा मुद्दा साधा होता. कागदावर स्थिर असलेली गोष्ट माणसाला चांगली समजते, पण वेळेबरोबर सरकणारी गोष्ट डोक्यात धरून ठेवणं कठीण जातं. म्हणून कागदावरचा कोड आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम यांच्यात अंतर जेवढं कमी, तेवढं बरं. गोटू हे अंतर वाढवतो. पटो न पटो, हा तर्क होता. त्याला उत्तर देता येत होतं.

पण मजकुराचं मूळ शीर्षक होतं 'गोटूच्या विरुद्ध एक बाजू' अशा अर्थाचं. लवकर छापता यावा म्हणून संपादकांनी लेखाऐवजी तो पत्र म्हणून छापला आणि शीर्षक दिलं 'गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल', म्हणजे 'गोटू घातक मानावा'. हे संपादक होते निकलाउस विर्थ. नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत.

मथळा गाजला, आणि मथळा मजकुराच्या पुढे निघून गेला. काहींनी गोटू दिसला की कोड वाईट, असा सरसकट नियमच करून टाकला. दुसऱ्या बाजूच्यांना वाटलं की हे विद्यापीठातले लोक आम्हाला काम शिकवतायत. १९७२ साली बॉस्टनमध्ये एसीएमच्या परिषदेत यावर रीतसर दोन बाजू मांडल्या गेल्या. मार्टिन हॉपकिन्स गोटूच्या बाजूने, विल्यम वुल्फ विरुद्ध. वुल्फ यांनी ब्लिस नावाची गोटू नसलेली भाषा स्वतः बनवून वापरली होती. म्हणजे ते हवेत बोलत नव्हते.

आणि मग डिसेंबर १९७४ मध्ये डोनाल्ड कनूथ यांचा लेख आला. चांगला चाळीस पानी. त्याची रचनाच बघण्यासारखी आहे. पहिल्या भागात अशी उदाहरणं, जिथे गोटू काढून टाकला की कोड सुधारतो. दुसऱ्या भागात अशी, जिथे गोटू घातला की कोड सुधारतो. प्रत्येक वेळी खरा कोड समोर ठेवून.

एक साधं उदाहरण घ्या. दहा खणांच्या कपाटात किल्ली शोधताय. तिसऱ्या खणात सापडली. आता तुम्ही काय कराल? तिथेच थांबाल. पण समजा नियम असा आहे की शोध फक्त शेवटच्या खणानंतरच संपवता येतो. मग प्रत्येक खणाशी 'आधी सापडली होती का?' असं स्वतःला विचारत बसावं लागेल. अशा जागी मधूनच बाहेर पडण्याची सोय हवी, आणि तेव्हाच्या अनेक भाषांत त्यासाठी गोटूशिवाय मार्ग नव्हता.

म्हणजे भांडण करणारे दोघेही काही अंशी बरोबर होते. एकाला वाटेल तिथे मारलेल्या उड्या नको होत्या. दुसऱ्याला मधून बाहेर पडायची वाट हवी होती. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच! आज आपण लूपमधून बाहेर पडायला ब्रेक लिहितो, फंक्शनमधून मधूनच रिटर्न करतो. जावामध्ये तर 'गोटू' हा शब्द राखून ठेवलेला आहे पण त्याचा उपयोग काहीच नाही, आणि आतल्या लूपमधून थेट बाहेरच्या लूपच्या बाहेर जायला लेबल लावलेला ब्रेक आहे. उलट लिनक्सच्या कर्नलमध्ये काही बिघडलं तर आवराआवर करून बाहेर पडण्यासाठी आजही गोटू वापरतात, आणि तो कुठे वापरावा हे त्यांच्या नियमावलीत लिहिलेलं आहे.

खुद्द डाइक्स्ट्रा यांनी कनूथना कळवलं होतं की गोटूबद्दल मी फार कट्टर आहे असं समजू नका, लोक याचा धर्म बनवतायत याचीच मला काळजी वाटते. साप दाखवणारा माणूस सांगत होता की भुई धोपटू नका. पण मथळा वाचून निघालेल्यांना ते कुठे ऐकू जाणार?

तिसरी गोष्ट: टोमणा आणि तक्रार

हेच डाइक्स्ट्रा. १९७५ साली त्यांनी एक टिपण लिहिलं. त्यात एकेक भाषा घेऊन फटके मारलेत. कोबोल वापरल्याने डोकं अधू होतं, ती शिकवणं गुन्हा मानला पाहिजे. बेसिक शिकलेल्या मुलांना पुढे चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य, त्यांची बुद्धी कायमची मोडलेली असते. असा सगळा सूर.

वाचायला मजा येते, खोटं कशाला बोला. ही वाक्यं आजही मीम म्हणून फिरतात. पण १९६८ च्या पत्राशी तुलना करून बघा. पत्राने सहा वर्षांत चाळीस पानांचं उत्तर जन्माला घातलं, नव्या सोयी भाषांमध्ये आल्या. या टिपणातून काय दुरुस्त करायचं? कोबोल लिहिणाऱ्या माणसाने ते वाचून उद्या सकाळी नेमकं काय बदलायचं?

आणि बेसिक कोणासाठी बनली होती? १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ती बनवली, ती विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा एका अख्ख्या पिढीने पहिला प्रोग्राम बेसिकमध्येच लिहिला. त्यांच्या बुद्धीला काही झालं नाही. बेसिकचे दोष खरे होते, पण ती कोणत्या कामासाठी आहे हे न विचारता मारलेला फटका वाया गेला.

आता याच्या शेजारी दुसरा लेख ठेवू. १९८१, बेल लॅब्ज, ब्रायन कर्निहन. लेखाचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'पास्कल माझी आवडती भाषा का नाही'.

पास्कल बनवली कोणी? आपले मघाचे संपादक, निकलाउस विर्थ! १९७० साली, झुरिकच्या त्याच ईटीएचमध्ये, जिथे टिंबावरून भांडण झालं होतं. उद्देश होता विद्यार्थ्यांना शिस्तीत प्रोग्रामिंग शिकवणं. ती इतकी लोकप्रिय झाली की लोक शिकवण्यापलीकडची मोठी कामंही पास्कलमध्येच करा म्हणू लागले.

कर्निहन काही तटस्थ नव्हते. डेनिस रिची यांच्याबरोबर सी भाषेचं प्रसिद्ध पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. पण त्यांनी काय केलं बघा. पी. जे. प्लॉगर यांच्याबरोबर लिहिलेल्या 'सॉफ्टवेअर टूल्स' या आपल्या पुस्तकातले प्रोग्राम त्यांनी पास्कलमध्ये नव्याने लिहून काढले. त्याचं स्वतंत्र पुस्तक १९८१ साली आलं. म्हणजे आधी पुस्तकभर कोड त्या भाषेत लिहिला, आणि मग कुठे अडलं ते सांगितलं.

तक्रारीही कशा? पास्कलमध्ये यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग होता. दहा नावांची यादी क्रमाने लावायचं फंक्शन लिहिलं तर ते वीस नावांच्या यादीला चालणार नाही, वेगळं लिहा. अक्षरांच्या ओळींचंही तेच. मोठा प्रोग्राम तुकड्यांत वेगवेगळा कंपाइल करायची सोय प्रमाण पास्कलमध्ये नव्हती. आणि लूपमधून बाहेर पडायला ब्रेकही नव्हता. किल्लीचं कपाट आठवतंय ना?

शेवटी ते कडक बोलतात, म्हणतात की मूळ रूपातली पास्कल शिकवायला ठीक आहे, खऱ्या कामाला नाही. पण ती कशासाठी बनली होती हे आधीच मान्य करतात. आणि शीर्षकात 'वाईट भाषा' नाही, 'माझी आवडती नाही' आहे. तो 'माझी' शब्द महत्त्वाचा आहे.

पुढे काय झालं? १९८३ साली बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल आणली, कंपायलर लिहिणारे होते अँडर्स हेल्सबर्ग. त्यात अक्षरांच्या ओळी सोयीने वापरता येत होत्या, पुढच्या आवृत्त्यांत प्रोग्रामचे तुकडे वेगळे कंपाइल करायची सोय आली. हे कर्निहन यांचा लेख वाचूनच झालं असा माझा दावा नाही. मुद्दा एवढाच की त्या तक्रारी दुरुस्त करता येण्यासारख्या होत्या. आणि टर्बो हे नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये निळ्या स्क्रीनवर आपण जे टर्बो सी प्लस प्लस चालवलं, ते याच कंपनीचं. हेच हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये सी शार्प आणि टाइपस्क्रिप्टमागे उभे राहिले.

म्हणून मी स्वतःसाठी एक गोष्ट लिहून ठेवलीये. तक्रार नेमकी असेल तर ती दुरुस्त करता येते. टोमणा दुरुस्त कसा करणार?

चौथी गोष्ट: जिंकूनही थकलेला माणूस

ही गोष्ट आपल्या काळातली, २०१८ मधली. भाषा पायथन.

प्रस्ताव होता एका नव्या चिन्हाचा. कोलन आणि त्याला लागून बरोबरचं चिन्ह. आडवं पाहिलं तर वॉलरस प्राण्याचे डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून नाव वॉलरस. काम असं की एखादं मूल्य नावात साठवायचं आणि त्याच जागी लगेच वापरायचंही. काहींना वाटलं, कोड आटोपशीर होईल. काहींना वाटलं, पायथनचा साधेपणा जाईल. प्रस्तावाचा क्रमांक होता पेप ५७२.

पायथनमध्ये असा प्रस्ताव लिहायची रीत ठरलेली आहे, आणि ती मला फार आवडते. प्रस्ताव मांडणाऱ्यानेच विरोधी मतंही नोंदवायची. या प्रस्तावात नाकारलेल्या पर्यायांचा लांबलचक भाग आहे. शिवाय शेवटी टिम पीटर्स या जुन्या पायथनकाराचं टिपण आहे. एका ओळीत फार काही कोंबलेलं त्यांना मुळातच आवडत नाही. म्हणून त्यांनी स्वतःचा जुना कोड काढला आणि वॉलरस कुठे शोभेल, कुठे नाही, हे जागोजागी तपासलं. 'मला वाटतं' वर न थांबता 'माझ्या कोडमध्ये असं दिसलं' इथपर्यंत ते गेले.

मग सगळं छान झालं असेल? नाही. चर्चा महिनोन्महिने चालली, तेच मुद्दे पुन्हा पुन्हा आले, सूर चढत गेला. शेवटी पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी प्रस्ताव मान्य केला. त्यांना गमतीने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत, म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा. आणि काहीच दिवसांत, १२ जुलै २०१८ रोजी, त्यांनी ते पद सोडलं. कळवलं ते साधारण असं: एका प्रस्तावासाठी एवढं झगडावं आणि इतक्या जणांना माझ्या निर्णयाचा तिटकारा यावा, हे मला पुन्हा नकोय.

बघा, हा माणूस वादात जिंकला होता. १९९१ साली पायथन जगापुढे आणल्यापासून तोच ती सांभाळत होता. रीत चांगली होती, कागद चोख होते. तरी चर्चेने माणूस थकवला. म्हणजे नुसता तर्क बरोबर असून भागत नाही. समोरचा माणूस उद्याही बोलायला उरला पाहिजे.

त्यानंतर पायथनच्या लोकांनी जे केलं ते मात्र घेण्यासारखं आहे. कारभार कसा चालावा याचे सात वेगवेगळे प्रस्ताव मांडले, डिसेंबर २०१८ मध्ये मतदान घेतलं, आणि पाच जणांचं मंडळ नेमायचं ठरलं. सगळ्या शिव्या एकाच्या वाट्याला येऊ नयेत, याची सोय झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या पाच जणांत खुद्द गिडोही होते. आणि वॉलरस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायथन ३.८ मध्ये आला. ज्यांना नको, ते वापरत नाहीत. आभाळ कोसळलं नाही.

तर मग आपण काय करायचं?

या चारही गोष्टींत कोणी कोणाला आपली आवड सोडायला लावली नाही. कर्निहनना पास्कल आवडली नाही ती नाहीच. युरोपने स्वल्पविराम सोडला नाही. चांगल्या चर्चेनंतर सगळे एकाच भाषेचे भक्त होतात, असं कधी घडलेलं नाही. उरतं ते वेगळंच काहीतरी. कुठे तीन स्तर, कुठे ब्रेक, कुठे तक्रारींची नेमकी यादी, कुठे पाच जणांचं मंडळ.

मी आता मीटिंगला जाताना तीन प्रश्न सोबत नेतो. एक, ही भाषा कोणत्या कामासाठी, आणि ते काम कोण सांभाळणार? दोन, मी बोलतोय ते माझ्या कोडमध्ये पाहिलेलं आहे, की कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं? तीन, समोरच्याची बाजू त्याला पटेल अशा शब्दांत मी लिहू शकतो का?

आणि तो आमचा पीएचपीवाला मुलगा? मी त्याला चहाला घेऊन गेलो. सॉरी म्हणालो, थोडं अवघडल्यासारखं झालं दोघांनाही. मग मी तेच विचारलं जे मीटिंगमध्ये विचारायला हवं होतं. "आधीच्या कामात नेमकं कुठे अडलं होतं?" त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, नेटवर्क अडखळलं की तीच विनंती दोनदा येते आणि नोंद दुप्पट होते. दुसरी, रात्री एकाच वेळी सगळे रिपोर्ट निघायला लागले की डेटाबेस गुदमरतो. या दोन्ही गोष्टी आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हत्या, आणि दोन्हींचा भाषेशी काही संबंध नव्हता. त्या आमच्या आराखड्यात गेल्या, त्याच्या नावाने.

सर्व्हिस शेवटी जावामध्ये लिहिली, कारण रात्री-अपरात्री फोन आला तर उठून बघणाऱ्या लोकांना जावा येते. माझं पायथनही गेलं, त्याचं पीएचपीही गेलं. तो अजून म्हणतो की पीएचपीत लवकर झालं असतं. कदाचित झालंही असतं. पण आता तो हे मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर म्हणतो.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. तुम्हाला अजिबात न आवडणारी एक भाषा निवडा आणि ती कोणासाठी, कशासाठी बनली होती ते शोधून काढा. नंतरही नाही आवडली तरी हरकत नाही. फक्त 'माझी आवडती का नाही' हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कोड सेव्ह करत रहा!